पाचवं नाव

वर्कशॉप कॉर्नरच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तनुजाने सहज वर पाहिलं, तर श्रीमंत तिच्याकडे बघून हसत होता. खांबाला बांधलेल्या फ्लेक्सवर तो कमरेपर्यंत उभा होता, हाताची घडी घातलेला, मागे निळंशार आकाश आणि त्या आकाशात गुणवंत पोरापोरींचे गोल गोल चेहरे. खाली लाल अक्षरांत त्याच्या क्लासचं नाव, लातूरनंतर आता नांदेडमध्येही. आणि त्याच्याही खाली पिवळ्या पट्टीवर, 'आंतरराष्ट्रीय संगणक भाषा मानक समितीचे सन्माननीय सदस्य'. तनुजाने ती पट्टी दोनदा वाचली. बावीस वर्षं ती ज्या कामात गळ्यापर्यंत बुडाली होती, त्याचं नाव तिच्या सख्ख्या भावांना धड घेता येत नव्हतं, कॉलेजातल्या सहकाऱ्यांना घ्यावंसं वाटलं नव्हतं, आणि आज ते भर चौकात टांगलं होतं, तेही या माणसाच्या बेंबीखाली. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सिग्नल सुटला, रिक्षावाल्याने कचकन गिअर टाकला, आणि घर येईपर्यंत ती मनातल्या मनात त्या पट्टीवर लाल रेघ मारत राहिली.

हा श्रीमंत तिचा जुना विद्यार्थी. शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचा आणि काही कळलं नाही की हात वर करायचा, म्हणजे त्याचा हात खाली कधी नसायचाच. समितीतही तो तिच्याच हातून आला होता. दिल्लीच्या मानक कार्यालयाला त्या कामाची राष्ट्रीय समिती कागदावर दाखवायला माणसं कमी पडत होती, कुणाचीही नावं द्या म्हणून तिथला अधिकारी मागे लागला होता, आणि तनुजाने एका दुपारी कंटाळून जुन्या विद्यार्थ्यांपैकी जी आठवली ती नावं पाठवून दिली होती. त्यातली बाकीची मंडळी पुण्याला, हैदराबादला, अमेरिकेला पांगली, राजीनामे देऊन मोकळी झाली. श्रीमंतने राजीनामा दिला नाही. त्याने फ्लेक्स छापला.

काम काय आहे हे सांगायचा तिने पूर्वी प्रयत्न केला होता. प्रोग्रॅमिंगची एक जुनी भाषा आहे, तनुजाच्याही जन्माआधीची. धरणांचे दरवाजे, विम्याचे हिशेब, हवामानाचे अंदाज, जगातल्या बऱ्याचशा कंटाळवाण्या आणि गरजेच्या गोष्टी अजून त्या भाषेवर चालतात. जपानमधल्या यंत्राने आणि जर्मनीतल्या यंत्राने त्या भाषेतल्या एका ओळीचा एकच अर्थ लावावा म्हणून एक जाडजूड ग्रंथ आहे, त्याला मानक म्हणायचं. दर काही वर्षांनी देशोदेशीची माणसं तो ग्रंथ सुधारायला बसतात आणि एकेका कलमावर महिनोन्महिने भांडतात. भांडण मिटलं की जे ठरलं ते ग्रंथात उतरवायचं, असं उतरवायचं की कितीही वाकड्या डोक्याच्या माणसाला त्यातून दुसरा अर्थ काढता येऊ नये, हे संपादकाचं काम. ती संपादक म्हणजे तनुजा. भाऊ पाहुण्यांना सांगायचे, आमच्या तनूचं कॉम्प्युटरवर टायपिंगचं काम असतंय. प्राचार्यांनी विचारलं होतं, प्रमोशनला त्याचे पॉइंट धरतात का मॅडम, आणि धरत नाहीत म्हटल्यावर पुढची फाइल ओढली होती. मग तिने सांगणं सोडलं. नांदेडच्या माणसांचे तिने दोन भाग करून टाकले, न कळून कळलं नाही म्हणणारे आणि न कळून मान हलवणारे, आणि दोघांनाही कवडीची किंमत द्यायची नाही असं ठरवून टाकलं. परदेशातली माणसं तरी कुठे मोठी लागून गेली होती? जर्मनीचा तो प्रत्येक गोष्टीला हरकत घेणारा म्हातारा, कंपनीने पाठवलंय म्हणून बसणारे आणि कंपनी बदलली की गायब होणारे अमेरिकन. तिला त्यांचाही तिटकारा होता, फक्त तो जरा वरच्या प्रतीचा होता. एक ग्रंथ तेवढा तिला मान्य होता. त्यातलं वाक्य हातात आलं की ती त्याच्या भोवती फिरायची, एकेक शब्द हलवून बघायची, आणि जो शब्द हलला तो काढून टाकायची. अशी पानंच्या पानं तिने घट्ट करून ठेवली होती. वर्षानुवर्षं संध्याकाळी, खिडकीबाहेर शेजारणी पापड वाळत घालत नाहीतर सुनांना नावं ठेवत असताना, ती या एका गोष्टीत सुखी होती.

फ्लेक्स दिसला त्याच दिवशी दुपारी समितीच्या अध्यक्षांचा मेल आला. अध्यक्ष फिनलंडचा, सभ्य माणूस, वाईट बातमी हवापाण्याच्या गोष्टींत गुंडाळून द्यायची त्याची सवय. ग्रंथाची पुढची सुधारणा सुरू व्हायची तर पाच देशांनी होकार द्यावा लागतो, आणि नुसता होकार चालत नाही, काम करणाऱ्या एका माणसाचं नाव प्रत्येक देशाने द्यावं लागतं. चार देशांची नावं आली होती. भारताने होकार दिला होता आणि नावाची जागा कोरी सोडली होती. दिल्लीवाल्यांनी गृहीत धरलं होतं की मॅडम आहेतच की. आणि मॅडम संपादक, म्हणजे नियमाप्रमाणे कोणत्याच देशाच्या नाहीत, त्यांचं नाव धरत नाहीत. हे त्या कार्यालयात एकाही माणसाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असलेल्या एकुलत्या एका माणसाला त्यांनी विचारलं नव्हतं. उद्या दुपारी साडेतीनला मतदान बंद होणार. पाचवं नाव आलं नाही तर सुधारणेचं काम बंद, समिती बरखास्त, ग्रंथ आहे तसा कपाटात, आणि पुढच्या फेरीत एखाद्या कारकुनाने त्यावर 'मागे घेतले' असा शेरा मारला की कायमचा संपला. तनुजाने दिल्लीला फोन लावला. आधीपासून राष्ट्रीय समितीचा सदस्य असलेलाच माणूस चालेल, अधिकारी म्हणाला, आणि आता सदस्य म्हणून उरलेत कोण, तर लातूरचे ते एक सर. त्यांनी साडेतीनच्या आत तयारी असल्याचा मेल टाकला तर मी लगेच चढवतो.

वैजनाथ, तिचा नवरा, सोफ्यावर आडवा पडून मोबाइलवर मोठ्या आवाजात कसलीशी कॉमेडी बघत होता. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तो जवळजवळ सोफ्याचाच भाग झाला होता. तिने थोडक्यात सांगितलं, फार थोडक्यात, कारण त्याला जास्त सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. "मग मिटलंच की," तो म्हणाला, "बरं झालं, डोळ्यालाबी आराम." मग मोबाइल छातीवर ठेवून म्हणाला, "त्या श्रीमंतला इचार ना. चांगलं पोरगं हाय. लग्नात कुठं भेटलं तर पाया पडतंय माज्या." हे पोरगं पंचेचाळिशीचं होतं. तनुजा स्वयंपाकघरात गेली, ओट्याला टेकून उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण घाबरलो आहोत. राग नव्हता तो, सरळसरळ भीती होती. ग्रंथ गेला तर ती कोण होती? नांदेडच्या भाग्यनगरमधली एक निवृत्त बाई, मोबाइल अडकला की शेजारणी जिच्याकडे येतात ती. तिने श्रीमंतला फोन केला, तो क्लासच्या मुलीने उचलला, सर बॅचवर आहेत. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, जोडलेले हात, मग फुलं, मग पुन्हा जोडलेले हात, आणि 'मॅडम उद्या क्लासलाच या ना, निवांत बोलू, तुमचे पाय लागतील'. निवांत! उद्या साडेतीनला तिचं सगळं आयुष्य गाशा गुंडाळणार होतं आणि याला निवांत बोलायचं होतं.

सकाळच्या लातूर गाडीत तिला खिडकी मिळाली. शेजारी एक बाई येऊन बसली, मांडीवर चार मजली डबा, पायाशी पिशवीत तूप आणि लोणचं, क्लाससाठी खोली करून राहणाऱ्या पोरीला द्यायला निघालेली. "तुमची पोरगी हाय का लातूरला?" "नाही." "मग पोरगा?" "काम आहे." "काय काम वं?" तनुजाने खिडकीबाहेर पाहिलं, आणि बाईला कळायचं ते कळलं, तिने डबा दुसऱ्या मांडीवर घेतला. लोहा गेलं, माळाकोळी गेलं. या रस्त्याने ती सतरा-अठराची असताना उलट्या दिशेने आली होती, जळकोटकडच्या गावातून नांदेडजवळच्या विष्णुपुरीला इंजिनियरिंगला, पत्र्याची पेटी घेऊन. होस्टेलवर पहिल्याच रात्री ती कुणाला तरी म्हणाली होती, 'पानी लई गार हाय', आणि औरंगाबादच्या दोन पोरींनी ते वाक्य आठवडाभर पुरवून पुरवून वापरलं होतं, न्हाणीघरात, जेवताना, जिन्यात. त्यांच्यावर ती चिडली नाही. तिला वाटलं, बरोबरच आहे त्यांचं. वर्षभरात तिने आपली जीभ घासून अशी लखलखीत केली की पुढे आयुष्यभर ती छापील पुस्तकासारखी बोलली. उन्हाळ्यात घरी गेली तेव्हा आई, रुक्मिणबाई, चुलीपुढून काहीबाही सांगत होती आणि तनुजा ऐकताना कपाळाला आठी घालून बसली होती. दोन-चार दिवसांनी आईचं बोलणं कमी झालं. "तुज्यासमोर बोलायचं म्हंजे परीक्षाच वं माय," ती एकदा हसत म्हणाली होती. पुढे वडील, ग्यानोबा, तेही तिच्यासमोर विचार करून एकेक शब्द टाकू लागले, वहिन्या दारातून आत येईनाशा झाल्या, आणि तनुजाने त्याला आदर असं नाव दिलं. आदराचा तिला कंटाळा कधी आला नाही. अहमदपूरला चहासाठी गाडी थांबली तेव्हा शेजारची बाई उतरली आणि परत आल्यावर दुसऱ्या एका बाईशेजारी जाऊन बसली, दोघींचे डबे लागले एकमेकांना, आणि चाकूर येईपर्यंत त्यांचं पोरींच्या मार्कांवरून पोरींच्या लग्नांपर्यंत बोलणं झालं होतं.

लातूरच्या ट्युशन एरियात रिक्षातून उतरल्यावर तिला वाटलं, हे शहर नाही, हा नुसता फळा आहे. जिकडे पाहावं तिकडे भिंतीवर मार्क, खांबावर मार्क, दुकानाच्या शटरवर मार्क. एकाच रंगाच्या बॅगा पाठीला लावलेली पोरं टोळक्या-टोळक्यांनी चालली होती, चालता चालता सूत्रं पुटपुटत होती, आणि कडेच्या गाड्यावर उभ्या उभ्या वडापाव खाणाऱ्या एका पोरीच्या दुसऱ्या हातात उघडी वही होती. सगळा गाव पाठांतरावर जगत होता. कशाचाही अर्थ माहीत नसताना बरोबर उत्तरावर गोल करायची विद्या इथे शिकवली जाते, आणि ती शिकवणाऱ्यांपुढे आज आपण पदर पसरायला आलो आहोत, असं तिच्या मनात आलं. श्रीमंतची इमारत तीन मजली, बाहेरून काचेची. काउंटरवर करिश्मा नावाची मुलगी होती, गळ्यातल्या पट्टीवर तसं लिहिलं होतं. "ॲडमिशनचं हाय का मॅडम? नातीचं का?" तिने विचारलं. तनुजाने नाव सांगितलं, आणि मुलगी ताडकन उभी राहिली. "सर सकाळधरनं दहा वेळा इचारून राहिले, मॅडम आल्या का, मॅडम आल्या का."

श्रीमंत केबिनमधून अक्षरशः धावत आला. अंग सुटलेलं, केस काळेभोर रंगवलेले, बोटात दोन अंगठ्या. वाकून पाया पडला, पुन्हा पडला, आत नेऊन स्वतःच्या खुर्चीत बसवू लागला; ती नाही म्हणाली तर स्वतःही त्या खुर्चीत बसला नाही, समोरासमोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ओढल्या. "लई दिवसांनी, मॅडम. चुरमुऱ्यांचा सुशीला मागवू का? आपल्याकडंचा सुशीला नांदेडात मिळत न्हाई तसा." तिला नको होता. त्याने तरी मागवला. तिने मुद्द्याचं सांगितलं, पाच देश, कोरी राहिलेली जागा, साडेतीन. सांगताना ती त्याच्या अंगठ्यांकडे पाहत होती. शेवटी म्हणाली, "तुला काहीच करायचं नाही. एक मेल टाकायचा, तयार आहे म्हणून. बैठका ऑनलाइन असतात, आलास तर आलास, न आलास तर कोणी विचारत नाही. नाव फक्त." हे बोलून झाल्यावर तिला स्वतःचा आवाज कानात राहिल्यासारखा वाटला. बावीस वर्षांत एक शब्द सैल सोडला नव्हता तिने, आणि आज संबंध माणूस खोटा भरायला निघाली होती. पण भरायचा कुठे होता? फ्लेक्सवर आधीच भरलेला होता तो.

श्रीमंत खाली बघत बसला होता. मग म्हणाला, "तसं न्हाई जमणार, मॅडम."

तिला आधी कळलंच नाही. "का?"

"मला त्यातलं काय येत न्हाई."

"चौकात तर लिहिलंयस."

"ते फ्लेक्स हाय, मॅडम." तो हसला, पण शरमून नाही, समजावून सांगितल्यासारखा. "फ्लेक्सला हितं कोण खरं मानतंय? पोरांच्या बापांला ठाऊक असतंय, फ्लेक्स म्हंजे फ्लेक्स. समोरच्यानं जागतिक लिहिलं तर मी आंतरराष्ट्रीय लिहितो. पण तिकडच्या लोकांला खरं वाटंल ना. हा माणूस काम करणार हाय, असं धरून चालतील ते. अन् मी काय करणार? तोंड बघत बसणार?" तनुजाला वाटलं, हा भाव खातोय. आता काही तरी मागेल, सत्कार, शुभेच्छांचा व्हिडिओ, नांदेडच्या शाखेचं उद्घाटन. तिने मनातल्या मनात उद्घाटनाला होकारसुद्धा देऊन टाकला. पण तो म्हणाला, "शिकवा मला. खरंच सांगून राहिलो. मी लई दिवसांपास्नं म्हणतोय मनाशी, आपल्या मॅडम करतात तरी काय, एकदा इचारावं. धाडस झालं न्हाई. आता बॅच सुटली, वर्ग रिकामा हाय. तासभर शिकवा. मला वाटलं का हे मला जमंल, तर हितंच बसून मेल टाकतो, अन् मग दर रविवारी नांदेडला येतो तुमच्याकडं, वर्ष लागू, दोन वर्षं लागू. न्हाई वाटलं तर न्हाई म्हणतो. खोटं नाव मातर देत न्हाई." तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. तास होता, तासापेक्षा थोडा जास्तच होता. ती उठली.

रिकाम्या वर्गात बाकांवर पोरांच्या घामाचा आणि संत्र्याच्या सालांचा वास राहिला होता. श्रीमंत पहिल्या बाकावर बसला, बाक त्याला अपुरा पडत होता, पोट कडेला लागत होतं. कुठल्याशा चाचणीच्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर त्याने वर तारीख घातली. तनुजा फळ्यापुढे उभी राहिली आणि कितीतरी वर्षांनी एका माणसाला, एका खऱ्याखुऱ्या समोर बसलेल्या माणसाला, तिने आपलं काम सांगायला सुरुवात केली. भाषा म्हणजे काय, यंत्र म्हणजे काय, दोघांमध्ये ग्रंथ कशाला लागतो. तो मान हलवत नव्हता. तो लिहीत होता, मध्येच थांबून तोंड उघडं टाकून विचार करत होता, पुन्हा लिहीत होता. "म्हंजे मॅडम, जे लोक ही भाषा वापरतात त्यांनी हे पुस्तक बघितलेलं न्हाई, अन् ज्यांनी पुस्तक लिहिलं ते भाषा वापरत न्हाईत. बरोबर?" तिने स्वतः त्या भाषेत अखेरचा प्रोग्रॅम कधी लिहिला होता ते तिला आठवेना. "तसं नाही ते," ती म्हणाली, आणि पुढे गेली. तिला बरं वाटू लागलं होतं, हे तिला आवडलं नाही. खडू नव्हता, मार्कर होता, आणि तो तिच्या हातात छान धावत होता. मग ती त्या भागाशी आली जो तिचा सर्वांत लाडका होता. काही ठिकाणी, ती म्हणाली, ग्रंथ मुद्दाम गप्प राहतो. अमुक चूक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने केली तर यंत्राने काय करावं हे ग्रंथ सांगतच नाही. यंत्र थांबेल, चुकीचं उत्तर देईल, काहीही करेल, आणि त्याला ग्रंथ जबाबदार नाही. श्रीमंतने हात वर केला. पंचेचाळीस वर्षांचा, दोन अंगठ्यांचा तो हात.

"मॅडम, आमच्याकडं पेपरात सिलॅबसच्या भाईरचं आलं का आम्ही मोर्चा काढतो, अन् सगळ्या पोरांला बोनस मार्क घेतो. तसं तुमच्यात काय हाय का? म्हंजे पुस्तक गप्प बसलं अन् कुणाचं वाटोळं झालं, तर भरून कोण देतं?"

तनुजा हसली. मोठ्याने नाही, तोंडानेही नाही, नाकातून एवढासा वारा निघाला आणि ओठाचं एक टोक वर गेलं. तिला स्वतःला ते कळलं नसतं. पण श्रीमंतचा हात वरच्या वर थांबला, मग खाली आला, आणि त्याने पेनाला टोपण लावलं. खालच्या मजल्यावर कोणी तरी माइकवर रोल नंबर पुकारत होतं. "चांगला प्रश्न आहे," ती घाईने म्हणाली. "न्हाई मॅडम," तो म्हणाला. तो रागावला नव्हता, ते तिला जास्त जड गेलं. "थर्ड इयरला पण मी प्रश्न इचारला का तुम्ही असंच करायच्या. मला वाटलं, आता वय झालं, आता आपल्याला काय होत न्हाई. पण होतंय. मी पोरांसमोर उभं राहून पोट भरतो, मॅडम. दर रविवारी हे घिऊन घरी आलो तर सोमवारी फळ्यासमोर माझा हात थरथरंल. मला न्हाई जमणार." त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली, आणि जणू काहीच झालं नाही अशा सुरात म्हणाला, "चला, तुम्हाला बसस्टँडवर सोडतो. उन्हाचं रिक्षानं कशाला."

गाडी थंड होती आणि तिला अत्तराचा वास येत होता. शिवाजी चौकात वाहनं खोळंबली होती. अजून वेळ होता. मोबाइल त्याच्या समोरच्या खोबणीत उभा होता, एक मेल टाकायला त्याला दोन मिनिटं लागली नसती, आणि तिला पक्कं ठाऊक होतं की तो तिच्या एका वाक्यासाठी थांबला आहे. गाडी तो मुद्दाम सावकाश चालवत होता. पोरांचं, पावसाचं, नांदेडच्या शाखेच्या भाड्याचं काही तरी बोलत होता आणि मध्ये मध्ये गप्प राहून तिला जागा करून देत होता. वाक्य सोपं होतं. माझं चुकलं, श्रीमंत. तिने ते मनात मांडलं आणि त्याच्याकडे पाहिलं. पण 'चुकलं' म्हणजे नेमकं काय? आजचं हसणं, की थर्ड इयरपासूनचं सगळं? सगळं धरलं तर ते खोटं होतं, कारण त्यातले बरेच प्रश्न खरोखर मूर्खपणाचे होते. मग 'आज माझं चुकलं'. पण 'आज' म्हटलं की एरवी बरोबर होतं असा अर्थ निघतो, आणि तो तसा काढेल, लातूरचा आहे. 'मी हसायला नको होतं.' हे बरं होतं. पण ती त्याला हसली नव्हती, प्रश्नाला हसली होती. मुळात तो प्रश्न वाईटही नव्हता, समितीच्या अध्यक्षाने एका वर्षी अगदी हाच विचारला होता, मोर्चा आणि बोनस मार्क वगळून, आणि तिने तो आदराने इतिवृत्तात घेतला होता. मग 'तुझा प्रश्न रास्त होता.' यात माफी कुठे आहे? 'तुझा प्रश्न रास्त होता आणि मी हसायला नको होतं.' 'आणि' नको, दोन स्वतंत्र गोष्टी आहेत त्या. गांधी चौक आला. एका हातगाडीवाल्याने आडवी गाडी घातली आणि श्रीमंतने हॉर्न न वाजवता त्याला जाऊ दिलं, तिच्याकडे एकदा पाहिलं. तिने मान खिडकीकडे वळवली, कारण वाक्याच्या शेवटी 'मला शिकवू दे' घालावं की 'शिकवायची माझी इच्छा आहे' हे ठरायचं होतं. पहिल्यात विनवणी होती, दुसऱ्यात घमेंड.

बसस्टँडसमोर कडुलिंबाच्या सावलीत त्याने गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. उतरला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिला. आत नांदेड गाडी लागली होती, कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. आणि तेव्हा तिचं वाक्य झालं. तिने ते एकदा तपासलं, दुसऱ्यांदा तपासलं. एक शब्द हलत नव्हता, जगातल्या कुठल्याही माणसाला त्यातून दुसरा अर्थ काढता आला नसता. तिच्या पर्समध्ये मोबाइल थरथरला. तिने काढून पाहिला. अध्यक्षांनी मतदान बंद झाल्याचं कळवलं होतं, चार देश, सर्वांचे इतक्या वर्षांच्या कामाबद्दल मनापासून आभार, तिकडे हेलसिंकीत ऊन पडलं होतं.

तिने मोबाइल परत ठेवला. श्रीमंतला काही कळलं नव्हतं, तो अजून थांबलेला होता. आता ते वाक्य बोलायला काही हरकत नव्हती. आता ते बोलून तिला काही मिळणार नव्हतं, म्हणजे ते सगळंच्या सगळं त्याचं झालं असतं. तिने त्याच्या रंगवलेल्या केसांकडे पाहिलं, स्टिअरिंगवरच्या त्या दोन अंगठ्यांकडे पाहिलं, आणि असल्या माणसावर इतकं चांगलं वाक्य खर्च करायचं तिच्या जिवावर आलं.

"येते," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.